परसांतील कारखाना आणि वाफेची कसोटी

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं दुपारची झोप कोणासच लागत नव्हती. मागील पडवींत कानशीचा किरकिराट सुरू झाला कीं आमच्या वृद्ध मातुःश्री जपमाळ खालीं ठेवून विचारीत, "अरे, हें घर आहे कीं लोहाराची भट्टी?" आवाज करणारा कारागीर म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंचा नातू. वय सोळा, दहावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली, आणि डोक्यांत एकच ध्यास कीं वाफेवर खरोखर चालणारें इंजिन स्वतःच्या हातानें करावयाचें. तेंहि कोठलें दुसरें नव्हे, तर गोंदियाहून सुटणाऱ्या छोट्या गाडीचें.

ही छोटी गाडी कोणती, हें गोंदियाबाहेरच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. बंगाल-नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत येथून दोन अरुंद मार्ग काढले. एक उत्तरेस बालाघाट-नैनपूरवरून जबलपुरास, दुसरा दक्षिणेस नागभीडकडे. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यांवर ग्लासगो येथील नॉर्थ ब्रिटिश कारखान्यांत घडलेलीं 'सीसी' जातीचीं इंजिनें धावत. पुढें चार लहान चाकें, मध्यें सहा मोठीं, मागें दोन. आमच्या लहानपणीं या गाडीच्या शिटीवर घरांतील भात चुलीवरून उतरत असे. नागभीडचा मार्ग गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुंद झाला, बालाघाटपर्यंतचा २००५ च्या सुमारास, आणि बालाघाटपुढची जबलपूरची छोटी गाडी २०१५ मध्यें थांबली. आमच्या नातवानें तिची वाफ कधीं पाहिलीच नाहीं. ऐकिली ती आमच्या तोंडून. तेव्हां या खटाटोपाचें मूळ पाप आमच्याच पदरीं आहे हें आम्ही मान्य करितों.

घरांतील इतर मंडळींनीं कुरकूर करीत का होईना, संमति दिली. मुलाच्या आजोबांनीं, म्हणजे आमच्या बंधूंनीं, मात्र एकच वाक्य उच्चारलें: "दादा, बाकी तुम्ही काय तें त्याला शिकवा, बॉयलर या घरांत होणार नाहीं." असें म्हणतांना त्यांनीं सदऱ्याची उजवी बाही मनगटापर्यंत खालीं ओढली. ती कां ओढली हें आम्हांस ठाऊक होतें. तो मजकूर पुढें येईल.

प्रथम कारखान्याविषयीं. पुष्कळ सुशिक्षित घरांत अशी समजूत दिसते कीं असा छंद लागला म्हणजे आधीं लेथ विकत घेतला पाहिजे, आणि तो परवडत नाहीं म्हणून छंदच नको. ही समजूत अगदीं उलटी आहे. एक चार इंची व्हाइस, तो घट्ट बसविण्यास न हलणारें टेबल, एक भरड व एक बारीक कानस, सुईसारख्या लहान कानशींचा एक संच, लोखंड कापावयाची करवत, पोलादी पट्टी, गुण्या, रेघ मारावयाची टोकदार सळई, पंच, हातोडी, हातानें फिरवावयाचें ड्रिल आणि व्हर्नियर कॅलिपर, एवढ्यावर पहिलें वर्ष सुखानें जातें. टॅप म्हणजे आटे पाडण्याचें हत्यार. त्याचे तीन आणि चार मिलिमीटरचे दोनच माप पुरेत. तीन मिलिमीटरच्या आट्यास अडीचचें भोंक पाडावें, चारच्या आट्यास तीन पूर्णांक तीन दशांशाचें. हे आंकडे आम्हीं पडवीच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेविले. कारण आंकडा विसरून टॅप मोडला म्हणजे तो तुकडा कामांतून निघत नाहीं, आणि आठ दिवसांचें काम भंगारांत जातें.

लेथचें काम गांवांतील लेथवाल्याकडून करून घ्यावें. गोंदियास भाताच्या गिरण्या पुष्कळ असल्यामुळें त्यांची यंत्रें दुरुस्त करणारे कारागीरहि आहेत. मात्र त्यांच्याकडे हात हालवीत जाऊं नये. कागदावर स्वच्छ आकृति काढावी, प्रत्येक माप मिलिमीटरांत लिहावें, आणि कोणतें माप काटेकोर हवें व कोणतें साधारण चालेल हें खुणेनें दाखवावें. आमचा नातू प्रथम नुसतें तोंडी वर्णन घेऊन गेला, तेव्हां कारागिरानें हंसून त्याला परत पाठविलें. दुसऱ्या खेपेस आकृति नेली. त्या गृहस्थानें चष्मा लावून ती पाहिली, एक चूक दाखविली, आणि तेव्हांपासून तो मुलाशीं बरोबरीच्या माणसासारखा बोलूं लागला. संस्कृताच्या तासाला आम्ही मुलांस अन्वय लावावयास सांगत होतों त्याचाच हा प्रकार आहे. वाक्यांतील कर्ता-कर्म न कळतां अर्थ सांगूं पाहणारा विद्यार्थी आणि आकृतीवांचून धातु कापूं पाहणारा हौशी एकाच माळेचे मणि.

साहित्यास आमच्याकडे तोटा नाहीं. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, तो पितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध आहे. आरंभ पितळेवरच करावा. पितळ कानशीस लवकर वळते, गंजत नाहीं, आणि चुकलें तर भंगारवाला पैसे देतो. नवी कानस आधीं पितळेवर वापरावी आणि धार थोडी मंदावल्यावर मग लोखंडाला लावावी; एकदां लोखंडावर चाललेली कानस पितळेवर नुसती घसरते. कानशीच्या दांतांत कण अडकूं नयेत म्हणून आधीं तिच्यावर खडू घांसावा. पत्रा कापतांना करवतीचे निदान तीन दांत एका वेळीं पत्र्याच्या जाडीवर टेकले पाहिजेत, नाहींतर दांत मोडतात. पितळेला भोंक पाडतांना ड्रिलचा बिट एकदम आंत ओढला जातो आणि काम हातांतून हिसकून गरगरा फिरूं लागतें. पातळ पत्र्याची तीच वस्तु विळ्यासारखी बोटें कापते. म्हणून पत्रा दोन लांकडी फळ्यांमध्यें आवळावा, आणि हातानें धरून कधींहि भोंक पाडूं नये.

येथेंच आणखी एक गोष्ट सांगतों, कारण घरांतील वडील माणसें ती हौसेच्या भरांत विसरतात. फिरणाऱ्या यंत्राजवळ ओढणी, पदर, सैल बाही, उपरणें, मोकळे केस आणि हातमोजे यांपैकीं कांहींच असतां कामा नये. हातमोजे सुरक्षिततेसाठीं असतात असें वाटून पुष्कळ जण ते घालून ड्रिल चालवितात. बिटांत मोजा गुंतला कीं तो बोटांसह आंत ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा मात्र प्रत्येक वेळीं हवा. आम्हीं मुलाला सांगितलें कीं चष्मा खुंटीवर दिसला तर त्या दिवशींचें काम बंद. दोनदां बंद झालें. तिसऱ्यांदा तशी वेळ आली नाहीं.

पावसाळ्यांत आमच्याकडे हवेला इतका ओलावा असतो कीं रात्रींत पोलादावर तांबूस बुरशीसारखा गंज चढतो. हत्यारांस यंत्राचें तेल पुसून तीं लांकडी पेटींत ठेवावींत आणि पेटींत कापराच्या दोन वड्या टाकाव्या. खोबरेल लावूं नये, तें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरितें. घरोघरीं तांब्या-पितळेचीं भांडीं घांसावयास कोंड्याची राख वापरीत. ती राख चकाकीसाठीं उत्तम, कारण तिच्यांत वाळूचेंच द्रव्य भरलेलें असतें. पण त्याच कारणानें तिचा एक कण जरी इंजिनाच्या फिरत्या सांध्यांत गेला तरी तो सांधा झिजवून टाकील. चकाकी आणण्याचें काम सर्व भाग सुटे असतांनाच करावें, मग रॉकेलांत धुवावे.

आतां काय करावयास घ्यावें? मुलाला एकदम आगगाडीचें इंजिन हवें होतें. आम्हीं त्यास नागपुरास मोतीबागेंतील, २००२ सालीं उघडलेल्या अरुंदमार्ग रेल्वे संग्रहालयांत नेलें, हातांत मोजपट्टी दिली, आणि दिवसभर मोजावयास लाविलें. चाकाचा व्यास, दांड्यांची जाडी, आणखी असें पुष्कळ. सायंकाळीं वहीचीं अकरा पानें भरलीं होतीं. घरीं येऊन त्यानें एकास एकोणीस हें प्रमाण धरिलें. त्यांत ७६२ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ चाळीसचे होतात. येथवर गणित गोड होतें. मग आम्हीं विचारिलें, लांबी एकोणीसपट कमी झाली, तर बॉयलरचें आकारमान किती कमी झालें? त्यानें उत्तर दिलें: एकोणीसाचा घन, म्हणजे ६८५९ पट. आणि पृष्ठभाग? ३६१ पट. म्हणजे लहान बॉयलरांत पाण्याच्या मानानें उष्णता बाहेर टाकणारें अंग एकोणीसपट अधिक. म्हणूनच मोठ्या यंत्राची हुबेहुब लहान प्रत काढली तर ती बहुधा चालत नाहीं. वाफ सिलिंडरांत पोंचण्यापूर्वींच तिचें पाणी होतें. चालणारी प्रतिकृति करणारा कारागीर जेथें डोळ्यांस दिसतें तेथें प्रमाण राखतो आणि जेथें दिसत नाहीं तेथें मोडतो. हें मुलाला पटावयास दोन दिवस लागले, आणि मग तो स्वतःच म्हणाला कीं आधीं एका जागीं उभें राहणारें साधें इंजिन करूं.

अशा पहिल्या कामास झुलत्या सिलिंडराचें इंजिन सर्वांत बरें. त्यांत वाफ आंत-बाहेर सोडण्यास निराळी झडप लागत नाहीं. सिलिंडर स्वतःच खिळ्याभोंवतीं झुलतो आणि झुलतांना त्याचें एक छिद्र कधीं वाफेच्या, कधीं बाहेरच्या छिद्रासमोर येतें. सारें मर्म त्या दोन सपाट पृष्ठांत आहे. तीं कांचेच्या तुकड्यावर बारीक सॅंडपेपर पसरून, इंग्रजी आठाच्या आकारांत फिरवून घांसावींत, आणि कोठेंहि उजेड दिसेनासा होईपर्यंत थांबूं नये. आमच्या कारागिराचें हें काम चार दुपारी चाललें. मग सायकलचा पंप जोडला. पहिल्या दिवशीं इंजिन ढिम्म हाललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं अर्धा फेरा. तिसऱ्या दिवशीं छिद्रें पाऊण मिलिमीटर सरकलीं आहेत असा शोध लागला. चौथ्या दिवशीं सूनबाई पंप मारीत होत्या आणि चाक फिरूं लागलें. घरांतलीं सारीं माणसें पडवींत जमलीं. हवेवर चालवून पाहण्याची ही युक्ति आम्ही प्रत्येक हौशी वाचकास आग्रहानें सांगतों; हवा भाजत नाहीं, आणि इंजिनाचे सर्व दोष तीच निमूटपणें दाखविते.

बंधूंनीं चाक फिरतांना पाहिलें, मुलाची पाठ थोपटली, आणि म्हणाले, "आतां पुरे."

पुरे होणार नाहीं हें आम्हांस दिसत होतें. चोरून एखाद्या डब्याला डाख देऊन मुलगा मित्राच्या घरीं वाफ करील, ही भीति आम्हांस बंधूंच्या नकारापेक्षां मोठी वाटली, आणि तिला कारण होतें. सुमारें बावन्न वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः तेंच केलें होतें. वय तेरा, वनस्पति तुपाचा रिकामा डबा, झांकण कथलाच्या डाखानें बसविलेलें, वर एक पितळी नळी, खालीं स्टोव्ह. वाफेस दुसरी वाट नव्हती. आम्हीं कागदाचें चाक वाफेच्या झोतासमोर धरलें होतें, आणि आठ वर्षांचे बंधु शेजारीं बसून टाळ्या पिटीत होते. पाणी आटत गेलें, नळींत कांहीं कचरा अडकला असावा, आणि डब्याची शिवण बंधूंच्या बाजूस उघडली. तो आवाज फारसा मोठा नव्हता. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. वडिलांनीं आम्हांस मारलें नाहीं. ते बंधूंस उचलून दवाखान्यांत घेऊन गेले, आणि त्या रात्रीं आमच्याशीं कोणी बोललें नाहीं. व्रण अजून आहे. बंधु अर्धी बाही कधीं घालीत नाहींत. आम्हीं त्यांची क्षमा मागितली होती कीं नाहीं हें आम्हांस आठवत नाहीं. बहुधा मागितली नव्हती.

हा सारा वृत्तांत आम्हीं नातवास पडवींत बसवून सांगितला, आणि मग त्या डब्यांत काय चुकलें तें त्याच्याकडूनच काढविलें. कथिल-शिशाचा डाख १८३ अंशांस वितळूं लागतो. तीन किलो दाबाची वाफ १४३ अंशांवर असते. मध्यें अंतर उरतें चाळीस अंशांचें; आणि पाणी आटून धातु कोरडा पडला कीं तें अंतर क्षणांत संपतें. शिवाय पाण्याची वाफ होतांना उघड्या हवेंत तिचें आकारमान सुमारें सोळाशेंपट होतें. म्हणून फुटणारा बॉयलर नुसती सांठलेली वाफ सोडीत नाहीं. आंतील तापलेलें पाणीहि त्याच क्षणीं उसळून वाफ बनतें. संस्कृतांत यंत्र हा शब्द यम् धातूपासून आला आहे, आणि यम् म्हणजे आवरणें, ताब्यांत ठेवणें. आमच्या डब्यांत जोर होता. आवरणारें कांहीं नव्हतें.

कायद्याचाहि येथें आधार नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्या देशांतील बॉयलरचा कायदा पंचवीस लिटरांहून लहान पात्रास लागू होत नाहीं. आमच्या मुलाच्या बॉयलरांत पाव लिटर पाणी मावणार होतें. म्हणजे तो तपासावयास कोणी सरकारी निरीक्षक येणार नव्हता, निरीक्षक आम्हीच. इंग्लंडांत १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं हौशी यंत्रकारांसाठीं नियतकालिक काढलें, त्याच वर्षीं लंडनास त्यांची मंडळीहि स्थापन झाली; आणि तिकडील अशा मंडळ्यांनीं आपल्या सभासदांचे बॉयलर आपणच तपासण्याची शिस्त घालून घेतली आहे. नव्या बॉयलरास आधीं कामाच्या दुप्पट दाबाची थंड पाण्याची कसोटी, ती उतरल्यावांचून विस्तव नाहीं. हा नियम आम्हीं जसाच्या तसा उचलला.

सामान्य वाचकास उपयोगी म्हणून आमच्या बॉयलरचा हिशेब देतों. कामाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो. नळा तांब्याचा, अखंड, शिवणीवांचून, व्यास साठ मिलिमीटर. घरांतील जुना तांब्या किंवा कलश वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि त्याचा सांधा कोणी कसा दिला हें कळावयास मार्ग नाहीं. जाडीचें सूत्र सोपें आहे: दाब गुणिलें व्यास, भागिलें धातूस सोसणाऱ्या ताणाची दुप्पट. मऊ तांबें सुमारें २२०० किलोंस तुटतें. त्याचा आठवा हिस्साच हिशेबांत धरावा, कारण डाख देतांना तांबें मऊ होतें आणि तापल्यावर आणखी दुबळें पडतें. उत्तर येतें मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आम्हीं घेतली एक पूर्णांक सहा दशांश. दोन्हीं टोकांच्या सपाट झांकण्यांचीच खरी काळजी. साठ मिलिमीटरच्या त्या चकतीवर आंतून पंच्याऐंशी किलोंचा रेटा येतो, म्हणजे एक धिप्पाड माणूस उभा राहिल्यासारखा. म्हणून चकत्यांची किनार वळवून त्या आंत बसविल्या, आणि दोन्हींस जोडणारी सळई आरपार घातली. नळ्या बसविण्याचे आटे कांशाचे केले. पितळेंतील जस्त गरम पाण्यांत हळूहळू निघून जातें आणि आटा भुसभुशीत होतो.

डाख चांदीचा. येथें आमची एक चूक होतां होतां टळली. सोनाराकडे टाकणखार लावतात म्हणून आम्हींहि तोच आणला. पण टाकणखार ७४३ अंशांस वितळतो, आणि पंचावन्न टक्के चांदीचा डाख ६३० ते ६६० अंशांतच वाहूं लागतो. म्हणजे डाख वितळला तरी खार अजून कोरडाच. त्या डाखाचें निराळें चूर्ण मिळतें, तेंच घ्यावें. डाखांत कॅडमियम नाहीं एवढें दुकानदारास विचारून घ्यावें. त्याचा धूर विषारी आहे. एवढ्या तांब्याला तापविण्यास सोनाराची फुंकणी पुरत नाहीं. शीतयंत्रें दुरुस्त करणारा एक शेजारी कारागीर रोज तांब्याच्या नळ्या जोडतो, त्याच्या हाताखालीं मुलानें हें काम केलें, दार उघडें टाकून, आणि आम्ही बादली घेऊन उभे.

पण सर्वांत नेमका प्रश्न घरांतून आला, आणि तो सूनबाईंनीं विचारला. आकृतीवर एकच सेफ्टी व्हाल्व्ह पाहून त्या म्हणाल्या, "मोठे मामंजी, आमच्या कुकरची शिटी अडकली तर खालचा व्हाल्व्ह उडतो. याची शिटी अडकली तर वाफेला दुसरी वाट कोठें आहे?" कुकरांत दाब जेमतेम एक किलो, येथें तीन. आम्ही निरुत्तर झालों. त्याच दिवशीं दुसरा व्हाल्व्ह आकृतींत आला. आमचें मत असें झालें आहे कीं प्रत्येक हौशी यंत्रकारानें आपली आकृति एकदां स्वयंपाकघरांत दाखवावी.

यावरून आठवलें. आपल्या पांढरपेशा घरांत हात काळे करण्यास अजून कमीपणा मानितात, आणि मुलगा हुशार असेल तर त्याला कानस देण्याऐवजीं शिकवणी लावितात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत यांत्रिक आरेखन शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवास सायकलींच्या दुकानांत उतरले, आणि लोखंडी नांगरापासून १९१० मध्यें किर्लोस्करवाडीपर्यंत गेले. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ चा हरिश्चंद्राचा चित्रपट केला तेव्हां कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रें पाडण्याचें काम घरांत सरस्वतीबाई करीत. ज्यांना वाफेची भीति वाटते त्यांनीं विजेच्या लहान गाड्यांनीं आरंभ करावा. पुण्यास भाऊसाहेब जोशी यांनीं उभें केलेलें लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं उघडलें, तें मुलांस एकदां दाखवावें. त्यांतील गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशींव्या हिश्शाच्या आहेत.

बॉयलर तयार झाला, आणि बंधूंस सांगितल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें. ते पडवींत आले, वस्तु हातांत घेऊन पाहिली, आणि विचारलें, "कसोटी कोण घेणार?" आम्ही म्हणालों, "तुम्ही."

नळ जोडणारे कारागीर पाइपांची चाचणी घेण्यास हातपंप वापरतात तो दाबमापकासह मागून आणला. बॉयलर पाण्यानें कांठोकांठ भरला. आंत हवेचा बुडबुडा राहतां कामा नये, कारण दाबलेलें पाणी फुटलें तर नुसतें गळतें, दाबलेली हवा फुटली तर उडते. बंधु दांडा मारूं लागले. दोन किलो, तीन, चार. साडेचारावर कांशाच्या एका आट्याजवळ पाण्याचा थेंब दिसला. मुलाचा चेहरा उतरला. बंधूंनीं पंप सोडला आणि म्हणाले, "हा थेंब थंड आहे. समजलें ना?" मग उठून आंत गेले.

सांधा पुन्हां दिला. आठ दिवसांनीं दुसरी कसोटी. चार, पांच, सहा. कांटा सहावर ठेवून आम्ही तिघे अर्धा तास बसलों. बंधूंनीं घड्याळ काढून समोर ठेविलें होतें. कांटा हालला नाहीं. त्यांनीं वहींत तारीख आणि दाब लिहिला, खालीं सही केली, आणि वर्षभरानें दीडपट दाबाची कसोटी पुन्हां घ्यावयाची अशी नोंद मुलाकडून करविली.

विस्तव पेटला तो आषाढांतील एका रविवारीं, मागील अंगणांत, पाऊस थांबल्यावर. बॉयलर विटांच्या आडोशाला. मुलें आणि मातुःश्री दारापलीकडे. स्पिरिटचा दिवा खालीं सरकविला तेव्हां मुलानें काडीपेटी आमच्यापुढें धरली. ती बंधूंनीं घेतली. उजवी बाही कोपराच्या वर सारली, आणि काडी लाविली. चौदाव्या मिनिटाला पहिला व्हाल्व्ह फुसफुसला. मुलानें तोटी फिरविली. चाक एकदां अडलें, नळींतलें पाणी थुंकलें, आणि फिरूं लागलें. बंधु तसेच उकिडवे बसून त्याकडे पाहत होते, व्रण उघडा. दारापलीकडून मातुःश्रींनीं विचारलें, "आधण आलें का रे? मग चहा टाका."